वारसा आणि स्त्रीवाद यांत निवड करायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे मराठी कादंबरीवर जी चर्चा चालू आहे, ती मी पहिल्या लेखापासून वाचत आले आहे. त्यातील ताज्या लेखात एका ज्येष्ठ समीक्षकांनी असे मत मांडले आहे की, स्त्रीवादाच्या आहारी गेल्यापासून लेखिकांच्या कादंबऱ्या तक्रारीच्या सुरात अडकल्या असून, त्यांना पुन्हा बळ यायचे असेल तर लेखिकांनी आपल्या मातीतल्या वारशाकडे वळले पाहिजे. लेखाची भाषा संयत आहे आणि लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु सोलापुरात राहून मराठीत कादंबऱ्या लिहिणारी एक बाई म्हणून मला हे मत मुळातूनच पटत नाही, आणि ते का पटत नाही हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

वारशाकडे वळा, असे सांगणाऱ्याने कोणाच्या वारशाकडे, हे आधी सांगायला हवे. आमचे घराणे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचे. पूर्वज तेलंगणातून मागावर काम करण्यासाठी सोलापुरात आले आणि पूर्व भागात स्थिरावले. घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी, अशी मी वाढले. लिहिण्यासाठी मराठी धरली, कारण वाचनाची गोडी मला याच भाषेने लावली. पुरुष यंत्रमागावर आणि बायका विड्या वळायला, ही पूर्व भागातील हजारो घरांची रीत आमच्याकडेही होती. माझी अम्मम्मा, म्हणजे आईची आई, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसलेली असे. ओल्या फडक्यात गुंडाळलेले तेंदूचे पान काढायचे, त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचे, चिमटीभर तंबाखू पसरून वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याचे वेढे देऊन पुढचे पान उचलायचे, हे सारे ती हातांकडे न पाहता करी. तिचे डोळे समोर बसलेल्या बायकांकडे असत, कारण बोलणे अखंड चालू असे. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असल्याने हात थांबवणे कोणालाच परवडणारे नव्हते. तोंडाला मात्र कोणाची बंदी नव्हती. कोणाच्या नवऱ्याने पगाराचे काय केले, माल घेणाऱ्याने किती विड्या खराब ठरवून बाजूला टाकल्या आणि तेवढे पैसे कसे कापले, कोणाच्या लेकीला सासरी काय काय गिळावे लागते, हे तेथे इतक्या नेमकेपणाने आणि माणसांची इतकी पारख ठेवून सांगितले जाई की गोष्ट कोठे सुरू करावी आणि कोठे अडवून धरावी, हे मी त्या ओसरीवरच शिकले. त्यांतील बहुतेकजणींना अक्षरओळख नव्हती आणि स्त्रीवादाचे नावही त्यांच्या कानावर पडलेले नव्हते. तरीही ‘घर माझ्या हातांवर चालते, मग मार मीच का खायचा?’ असे एखादी विचारी, तेव्हा तिला कोणी गप्प बसवत नसे.

नवरात्राच्या दिवसांत याच बायका तरवडाच्या पिवळ्या फुलांची बतुकम्मा, म्हणजे देवीरूप फुलांची रास, रचत आणि तिच्याभोवती फेर धरून ‘उय्यालो’च्या पालुपदावर गाणी म्हणत. त्या गाण्यांत देवीची स्तुती आहे, तशीच माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सूनही आहे आणि भावजयीचा जाच सोसणारी नणंदही आहे. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भाऊराया आणि पंढरीची वारी जशी आहे, तशी बाईच्या जन्माची, मारझोडीची, न विचारता दिलेल्या लग्नाची रोखठोक फिर्यादही आहे. आता समीक्षकमहोदयांनीच सांगावे, आम्ही या वारशाकडे वळलो तर तक्रारीचा सूर आमच्या लेखनातून जाईल की अधिक स्पष्ट होईल? ज्या सुराला ते बाहेरून आलेला मानतात, तो आमच्या आज्यांच्या कंठातला आहे. तो छापील पानावर उशिरा उमटला, एवढाच काय तो फरक.

छापील पानापुरते बोलायचे, तरी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ सालचे आहे. बुलढाण्यासारख्या गावात राहणाऱ्या, सत्यशोधक विचारांत वाढलेल्या एका बाईने सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला झालेल्या शिक्षेने आणि त्यावरून समस्त स्त्रीजातीवर उठलेल्या गदारोळाने संतापून ते लिहिले. तिला परदेशातील कोणा विचारवंतीणीचा आधार घ्यावा लागला नाही. जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत तिची पाठराखण केली, आणि नंतर ते पुस्तक जे विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत तेथेच राहिले. ज्या वारशाकडे वळा असे आम्हांला सांगितले जाते, त्यातील हे पान नव्वदांहून अधिक वर्षे कोणाला दिसले नाही, याचे उत्तर लेखिकांनी द्यायचे की समीक्षकांनी?

वारशाशी नाते म्हणजे नुसता नमस्कार नव्हे आणि नुसता धिक्कारही नव्हे, हे मला ज्या उदाहरणाने उमगले, ते आपल्या गावातलेच आहे. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत निघतात आणि संमती कट्ट्यावर ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’च्या गजरात अक्षता पडतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पण बाहेरगावच्या वाचकांसाठी कथा थोडक्यात सांगते. रोज पहाटे सिद्धरामांच्या अंगणात सडा-रांगोळी घालणाऱ्या एका कुंभाराच्या मुलीला त्यांच्याशीच लग्न करावेसे वाटले. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला विवाह करण्याची अनुमती दिली. विवाह झाला आणि मग ती अग्नीत सती गेली. दुसऱ्या दिवशी होमाच्या वेळी बाजरीच्या कडब्याच्या पेंढीला साडी नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून, तिची प्रतिमा अग्नीला दिली जाते. मी लहानपणापासून हा सोहळा भक्तिभावाने पाहत आले आहे आणि अजूनही जाते. गर्दीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायका पेंढीला नेसवलेल्या साडीचा रंग आणि काठ बघतात, पदर नीट बसला आहे का बघतात, आणि अग्नी पेटला की हात जोडतात. त्या हात जोडण्यात केवळ देवभक्ती नाही, त्या मुलीविषयीची माया आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपण तिला तिच्या नावाने क्वचितच हाक मारतो; बापाच्या व्यवसायावरून ती कुंभारकन्या. सडा घालताना तिच्या मनात काय होते, दंडाशी लग्न लागताना तिला काय वाटले, हे कोणीच विचारलेले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या बाईने ते विचारले, तर त्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का बसण्याचे कारण काय?

आणि याच सिद्धरामांचे एक कन्नड वचन, म्हणजे छोटी भक्तिरचना, आहे. स्त्री ही राक्षसी नव्हे, स्त्री म्हणजे प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुनच आहे, असे त्यात त्यांनी म्हटले आहे, आणि कपिलसिद्ध मल्लिकार्जुन हे तर त्यांच्या आराध्याचे नाव. बाराव्या शतकात, ज्या काळी बाईला मोहिनी आणि मोक्षाच्या वाटेवरची धोंड मानण्याची रीत होती, त्या काळी सोलापूरच्या या योग्याने आपल्या देवाचे नाव स्त्रीला दिले. एकाच गावच्या, एकाच देवाच्या परंपरेत हे वचनही आहे आणि ती अग्नीला दिलेली पेंढीही आहे. वारसा असा असतो. त्यात एकच आवाज नसतो. त्यात माणसे एकमेकांशी वाद घालत आलेली असतात. त्या वादात बाईच्या बाजूने उभे राहणे, हाच माझ्या समजुतीप्रमाणे कादंबरीतला स्त्रीवाद, आणि म्हणून मला तो वारशाच्या बाहेर कोठे सापडलाच नाही. पंढरपूर आणि मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे जनाबाई आणि कान्होपात्रा यांची नावे येथील प्रत्येक महिलादिनाच्या भाषणात येतात. त्यांचे अभंग म्हणून दाखवले जातात आणि टाळ्या पडतात. त्यांच्या ओळींतला जाब मात्र सभागृहातच राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता मराठी कादंबरीविषयी, आणि त्यातही सोलापूरविषयी. विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आले, तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले बोलले म्हणून केवढा गहजब झाला आणि टोपणनावामागे कोण दडले आहे याचा शोध कसा घेतला गेला, हे साहित्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ने तर वादळात भरच घातली. या दोन पुस्तकांची आठवण सगळे काढतात. पण त्यांची ‘बळी’ ही १९५० सालची कादंबरी सोलापूरशी जोडलेली आहे, हे सोलापुरातल्या किती वाचकांना ठाऊक आहे? १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मालतीबाई येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत पर्यवेक्षिका म्हणून सरकारी नोकरीत होत्या. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची माणसे तारेच्या कुंपणात ठेवायची, हजेरी घ्यायची, परवानगीवाचून बाहेर पडू द्यायचे नाही, असा तो कारभार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला. शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही पत्त्यांत टिकून आहे. ‘बळी’मध्ये मालतीबाईंनी या कुंपणाआडचे मांगगारुडी समाजाचे जगणे लिहिले.

मी ‘बळी’ पहिल्यांदा वाचली ती महाविद्यालयात असताना, आणि त्यानंतर लिहिताना अडले की ती पुन्हा उघडत आले आहे. मला त्यात जे मोलाचे वाटते ते असे. लेखिका पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळातून आलेली, स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत घडलेली. मध्यमवर्गीय मुलींची घुसमट लिहून तिने नाव मिळवले होते आणि तेच ती आयुष्यभर लिहीत राहिली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण घराच्या चौकटीत बाईला कोंडणे आणि कुंपणात अख्ख्या जमातीला कोंडणे, यांतले नाते तिला दिसले. बाई म्हणून जे सोसले, त्याने तिची नजर दुसऱ्याच्या सोसण्यापर्यंत पोहोचली. लेखिकांचा स्त्रीवाद म्हणजे फक्त स्वतःच्या दुःखाचे गाऱ्हाणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘बळी’ पुन्हा वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच वेळी हेही म्हणायला हवे की ती कादंबरी कुंपणाबाहेरून आत पाहणाऱ्या नोकरदार बाईने लिहिलेली आहे, आणि आत राहणारी बाई स्वतः लिहू लागते तेव्हा चित्र पुन्हा बदलते. सांगोला तालुक्यातील महूदमध्ये १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. दलित स्त्रीच्या मराठीतील अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी ते एक. शाळेसाठी धडपडलेली आणि पुढे स्वतः शिक्षिका झालेली ही बाई ज्या भाषेत लिहिते, ती तिच्या गावची आहे, आणि जातीचा व बाईपणाचा काच तिच्या आयुष्यात वेगवेगळा काढून दाखवता येत नाही. मराठी स्त्रीवादाने अशा लेखनाकडे पुष्कळ काळ पुरेसे लक्ष दिले नाही, हा दोष मी मान्य करते. परंतु तो दोष दाखवून दिला तोही लिहिणाऱ्या बायकांनीच.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर कादंबरी लिहिताना मला सर्वांत जास्त झगडावे लागते ते संवादांशी. माझ्या बायका सोलापुरी बोलतात. ‘काय करलालीस गं?’ असे त्या विचारतात, मध्येच तेलुगू शब्द येतो, रागावल्या की कन्नडमध्ये शिवी देतात. माझी एक कादंबरी एका प्रकाशकाकडे गेली असता, हे संवाद प्रमाण मराठीत आणावेत, वाचकाला अडखळायला होते, असा सल्ला मिळाला. गावरान बोली बोलणाऱ्या पुरुष नायकांच्या कादंबऱ्या मराठी वाचक डोक्यावर घेतो, हे आपण पाहिले आहे. मग विडी वळणाऱ्या बाईच्याच बोलीपाशी तो का अडखळेल? मी संवाद बदलले नाहीत आणि पुस्तक दुसरीकडून आले. ही माझी बढाई नव्हे; अनेक नव्या लेखिकांना हाच सल्ला मिळतो आणि पहिल्या पुस्तकाच्या ओढीने त्या तो मानतात, म्हणून हे लिहीत आहे. वारसा हवा म्हणायचे आणि तो ज्या तोंडी बोलीत जगला ती बोली पुसायला सांगायचे, या दोन गोष्टी एकत्र कशा चालतील?

लेखिकेची कादंबरी वाचून ‘हे तुमच्या घरी घडले का?’ असे विचारण्याची सवयही सोडली पाहिजे. एवढे लिहून हा मुद्दा सोडते, कारण प्रत्येक लेखिकेने तो कधी ना कधी मांडलेला आहे.

आपल्याकडे मान्यतेची गाडी किती सावकाश चालते, ते पाहायचे तर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी पुरे. १८७८ साली सुरू झालेल्या या परंपरेत पहिली स्त्री अध्यक्ष यायला १९६१ साल उजाडले. ग्वाल्हेरच्या संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीत तारा भवाळकर. आजवर इतक्याच. या सहाजणींची योग्यता निर्विवाद आहे, आणि लोकपरंपरेत स्त्रीचा आवाज शोधण्यात भवाळकरांनी सारे आयुष्य घातले, याचा मला विशेष आनंद आहे. पण या यादीत प्रामुख्याने कादंबरीकार म्हणून ओळखली जाणारी एकही स्त्री नाही. सोलापुरात १९४१ आणि २००६ साली संमेलने भरली, तेव्हा वि. स. खांडेकर आणि मारुती चितमपल्ली अध्यक्ष होते. दोघांविषयी मला नितांत आदर आहे, आणि चितमपल्ली तर आपल्याच गावचे. तरीही कादंबरीच्या बळाविषयी लेखिकांना सल्ला देण्यापूर्वी ही यादी समोर ठेवावी, असे मला वाटते.

याच शहराला लागून, कुंभारीजवळ, विडी कामगार बायकांच्या लढ्यातून उभी राहिलेली सुमारे १० हजार घरांची वसाहत आहे. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. वारली आदिवासींच्या लढ्यावरचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहून १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या या लेखिकेचे नाव हजारो बायकांच्या पत्त्यात आहे. त्या घरांतल्या मुली आता महाविद्यालयात जातात आणि त्यांतील काही लिहितातही. त्यांच्या वह्या मी वाचल्या आहेत. आपल्या चर्चेत आतापर्यंत जेवढे लेख आले, त्यांत अशा एकाही मुलीचे लेखन नव्हते.

म्हणून आपल्याला काही विनंत्या करते. ही चर्चा पुढे चालू राहणार असेल तर पुढचा लेख ‘बळी’वर असावा, आणि तो सेटलमेंट परिसरात वाढलेल्या एखाद्या लिहित्या तरुणीकडून मागवावा. शहरातील वाचनालयांनी, विशेषतः हिराचंद नेमचंद वाचनालयाने, जिल्ह्यातील लेखिकांच्या पुस्तकांची स्वतंत्र सूची करून ती वाचकांसमोर ठेवावी, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या भाषा विभागांनी पूर्व भागातील वृद्ध बायकांकडून बतुकम्माची तेलुगू गाणी, विडीच्या सुपाभोवतीच्या गोष्टी आणि शेजारच्या कन्नड घरांतली पदे ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. ज्यांना ती संपूर्ण येतात, त्यांची वये आता फार झाली आहेत आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही. अम्मम्माच्या तोंडून उतरवून घेतलेल्या गाण्यांची माझी वही, मराठी अर्थासह, या कामासाठी द्यायला मी तयार आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी ती स्वतः आणून देईन.

आपली विश्वासू,
पूर्व भागातील एक कादंबरीलेखिका
अशोक चौक, सोलापूर